निकालानंतरची शाळा

(संस्थेच्या शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाह साहेबांनी ‘कायद्यावर काहीतरी बोला’ असे सांगितले तेव्हा मी म्हटले, साहेब, मी बी.ए., बी.एड. झालेला इतिहासाचा मास्तर. आमच्या घराण्यात वकिली कोणी केली नाही. कोर्टाची पायरी चढण्याचा प्रसंगही, अल्लाहच्या कृपेने, फारसा आला नाही. त्यावर ते म्हणाले, ‘म्हणूनच तुम्ही बोला. वकील निकाल लागेपर्यंत बोलतात. पुढे काय होते ते कोणीच सांगत नाही.’ त्यांचे हे वाक्यच मी आजचा विषय म्हणून घेतले आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांविषयी काही मोठे निकाल दिले. ते लागल्यावर प्रत्यक्ष शाळेत, वर्गात, मुलांच्या घरी काय घडले, एवढेच मला सांगायचे आहे.

अमेरिकेच्या कोर्टाशी आपला काय संबंध, असे कोणाच्या मनात येईल. संबंध आहे. १९७४ साली अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थांचे हक्क तपासले. त्या निकालपत्रात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी ऑरेगन या अमेरिकन राज्यातील एका जुन्या खटल्याचा आधार घेतला आहे. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाचे नाव आपल्या प्रत्येक सभेत निघते. त्या कलमाचा अर्थ लावताना दूरदेशीच्या काही ख्रिस्ती जोगिणींची शाळा कामी आली, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

त्या जोगिणींची हकीकत थोडक्यात सांगतो. ऑरेगनमध्ये १९२२ साली मतदारांच्या कौलाने असा कायदा झाला की, आठ ते सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलाने सरकारी शाळेतच गेले पाहिजे. ऐकायला किती गोड! गरीब-श्रीमंत, सर्व पंथांची मुले एका बाकावर. परंतु त्या कायद्याच्या पाठीराख्यांत कु क्लक्स क्लॅन ही कुप्रसिद्ध संघटना होती, आणि सगळा रोख कॅथलिकांच्या शाळांवर होता. शाळा चालविणाऱ्या जोगिणींच्या संघाने आणि त्यांच्याबरोबर एका खाजगी सैनिकी शाळेने दाद मागितली. १ जून १९२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, मूल ही काही सरकारची मालमत्ता नव्हे, त्याला कोणत्या शाळेत घालायचे हे ठरविण्याचा अधिकार आईबापांना आहे. कायदा अमलात यायचा होता १९२६ च्या सप्टेंबरात. तो एक दिवसही लागू झाला नाही. जोगिणींची शाळा चालू राहिली.

त्याआधी दोन वर्षे, १९२३ साली, नेब्रास्का राज्यातील एका शिक्षकाचा खटला निकालात निघाला होता. शिक्षक या नात्याने मला तो फार जवळचा वाटतो. पहिल्या महायुद्धानंतर तेथे जर्मन भाषेविषयी इतका तिटकारा माजला की, आठवी उत्तीर्ण होईपर्यंत मुलांना इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवायची नाही असा कायदा १९१९ साली झाला. रॉबर्ट मेयर नावाचे मास्तर एका पंथीय शाळेत दहा वर्षांच्या मुलाकडून जर्मन धडा वाचून घेत होते. त्यांना पंचवीस डॉलर दंड झाला. ते अपिलात गेले आणि अखेर सर्वोच्च न्यायालयात जिंकले.

येथे जाता जाता एक सांगतो. हे दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती मॅकरेनॉल्ड्स स्वतः मोठे उदार होते असे कोणी समजू नये. आपले सहन्यायाधीश ब्रँडाइस हे यहुदी आहेत म्हणून त्यांच्याशी नीट बोलायलाही ते तयार नसत. असल्या कोत्या मनाच्या माणसाच्या लेखणीतून अल्पसंख्याकांच्या हक्काची सनद बाहेर पडावी, याचे मला नेहमी नवल वाटते.

मेयर मास्तर जिंकले, पण जर्मन भाषा जिंकली का? नाही. युद्धापूर्वी अमेरिकेच्या हायस्कुलांत जर्मन शिकणाऱ्यांची संख्या मोठी होती. युद्धाच्या त्या पाच-सहा वर्षांत शिक्षक गेले, पुस्तके गेली, आईबापांनी घरातही ती भाषा बोलणे सोडले. निकालाने शिक्षा रद्द झाली, पण ती भाषा शाळांतून पूर्वीच्या जागी परत आली नाही. आपल्या उर्दू वर्गांचे पट पाहणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना याचा अर्थ मी सांगायला नको.

तरीही हे दोन निकाल सोपे म्हणायचे. ‘अमुक करू नका’ एवढेच न्यायालयाने सरकारला सांगितले, आणि सरकारने हात आखडता घेतला की काम झाले. खरी कसोटी लागते ती न्यायालय ‘अमुक करा’ म्हणते तेव्हा. कारण मग इमारत लागते, पैसा लागतो, बस लागते, शिक्षक लागतो, आणि मुख्य म्हणजे ज्यांच्याविरुद्ध निकाल गेला त्यांच्याच हातून ते सर्व करून घ्यावे लागते.

आता मी मुख्य विषयाकडे येतो. १७ मे १९५४ रोजी सरन्यायाधीश अर्ल वॉरेन यांनी ब्राऊन खटल्याचा निकाल वाचला. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे, असे नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले. १८९६ सालापासून रेल्वेच्या डब्यांच्या एका खटल्यामुळे ‘वेगळे पण समान’ हे सूत्र चालत आले होते. शाळांपुरते ते त्या दिवशी मोडीत निघाले. शाळेच्या क्रमिक पुस्तकात ही गोष्ट येथेच संपते. मी स्वतः कित्येक वर्षे वर्गात ती येथेच संपवीत होतो.

परंतु निकालात ‘कधीपर्यंत’ हे लिहिलेले नव्हते. ते सांगायला न्यायालयाने आणखी एक वर्ष घेतले आणि ३१ मे १९५५ रोजी सांगितले की, विचारपूर्वक परंतु त्वरेने अंमलबजावणी करावी. दक्षिणेकडील राज्यांनी त्यातला ‘विचारपूर्वक’ हा शब्द उचलला आणि ‘त्वरेने’ सोडून दिला. निकालानंतर दहा वर्षांनी, १९६३-६४ च्या शालेय वर्षात, जुन्या गुलामगिरीच्या अकरा राज्यांतील कृष्णवर्णीय मुलांपैकी गोऱ्या मुलांबरोबर एका शाळेत जाणारी मुले शेकडा सुमारे १.२ होती. शंभरात एक! बाकीच्यांच्या दृष्टीने निकाल वर्तमानपत्रातच राहिला होता.

आणि जेथे निकाल लागू झाला तेथे काय झाले? शाळा एकत्र करायच्या म्हणजे कोणती तरी एक शाळा बंद होणार. बंद झाली ती बहुधा कृष्णवर्णीयांची. तिची मुले गोऱ्यांच्या शाळेत गेली, पण तिचे शिक्षक गेले नाहीत. ज्या टोपेका गावावरून ब्राऊन खटला चालला, तेथील शाळाधिकाऱ्याने तर निकालापूर्वीच, १९५३ च्या मार्चमध्ये, एका कृष्णवर्णीय शिक्षिकेला पत्र पाठविले होते. त्याचा आशय असा की, खटल्याचा निकाल आमच्याविरुद्ध लागला तर गोऱ्या मुलांना कृष्णवर्णीय शिक्षक नेमणे बहुसंख्य लोकांना रुचणार नाही, म्हणून पुढील वर्षाच्या नेमणुकीची हमी देता येत नाही. निकालानंतरच्या दहाअकरा वर्षांत दक्षिणेच्या आणि सीमेवरच्या सतरा राज्यांत मिळून सुमारे अडतीस हजार कृष्णवर्णीय शिक्षक व मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, असा आकडा अभ्यासक देतात. ज्या मुलांसाठी लढा जिंकला त्यांच्यासमोर फळ्याजवळ उभे राहणारे त्यांचे स्वतःचे माणूस राहिले नाही. हे नुकसान कोणत्याही निकालपत्रात नोंदलेले नाही, कारण ते कोणी न्यायालयाकडे मागितलेही नव्हते आणि टाळण्याची तजवीजही कोणी केली नव्हती.

ब्राऊन खटला म्हणजे एकच खटला नव्हता. चार राज्यांतले खटले त्यात एकत्र केले होते. त्यांतला एक होता व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड परगण्याचा. त्या परगण्याची गोष्ट मी सावकाश सांगणार आहे, कारण सगळे काही तेथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

फार्मव्हिल हे त्या परगण्याचे मुख्य गाव. तेथे कृष्णवर्णीय मुलांसाठी १९३९ साली बांधलेले मोटन हायस्कूल होते. इमारत एकशे ऐंशी मुलांची आणि मुले साडेचारशेच्या घरात. जागा पुरेना म्हणून परगण्याने डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी खोपट्या उभ्या करून दिल्या. त्या पावसात गळत, आणि हिवाळ्यात शेगडीजवळची मुले भाजत तर दाराजवळची कुडकुडत. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने एक धाडस केले. मुख्याध्यापकांना खोटा फोन करून गावात बोलावून घ्यायचे, त्यांच्या नावाने सर्व वर्गांना सभागृहात जमवायचे, शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती करायची आणि संप पुकारायचा, असा बेत तिने आणि तिच्या सोबत्यांनी आखला होता. तो तडीस गेला. सुमारे दोन आठवडे मुले शाळेत गेली नाहीत. खोटा फोन करणे वाईटच, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना बजावून सांगतो. ते ऐकून ते हसतात आणि मलाही हसू आवरत नाही.

मुलांना हवी होती चांगली इमारत. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे वकील आले आणि म्हणाले, नुसत्या चांगल्या इमारतीसाठी आम्ही लढणार नाही, वेगळ्या शाळांची पद्धतच मोडायची असेल तर बोला. पालकांच्या सभा झाल्या, भवति न भवति झाली आणि अखेर लोक तयार झाले. त्या मुलीच्या जिवाला धोका होईल म्हणून घरच्यांनी तिला दुसऱ्या राज्यात चुलत्याकडे पाठविले. गंमत अशी की, खटला चालू असतानाच परगण्याने १९५३ साली कृष्णवर्णीयांना नवे कोरे हायस्कूल बांधून दिले. इतकी वर्षे नसलेला पैसा एकाएकी सापडला.

१९५४ चा निकाल लागला. व्हर्जिनियाच्या राज्यकर्त्यांनी उघड प्रतिकार सुरू केला. जी शाळा एकत्र होईल ती बंद करायची, असे कायदे झाले, आणि १९५८ साली काही गावांत शाळा खरोखरच बंद झाल्या. १९ जानेवारी १९५९ रोजी राज्याच्या व संघराज्याच्या न्यायालयांनी ते कायदे रद्द केले. इतर गावांतल्या शाळा उघडल्या. प्रिन्स एडवर्डच्या कारभाऱ्यांनी मात्र निराळीच शक्कल काढली. त्यांनी शाळांसाठी कर बसविण्याचेच नाकारले. शाळेला पैसा नाही म्हणजे शाळा नाही. कोणाविरुद्ध भेदभाव नाही, कारण शाळा कोणालाच नाही! १९५९ च्या सप्टेंबरात परगण्यातील सर्व सरकारी शाळांना कुलूप लागले. ते पाच वर्षे निघाले नाही.

गोऱ्या मुलांसाठी लगोलग खाजगी शाळा निघाली. पहिल्या वर्षी ती चर्चच्या आणि मिळतील त्या खोल्यांत, वर्गणीवर चालली. दुसऱ्या वर्षापासून राज्य सरकारने खाजगी शाळेत जाणाऱ्या मुलाला फीसाठी अनुदान दिले. प्राथमिक मुलाला १२५ डॉलर, माध्यमिकला १५० डॉलर, आणि त्यावर परगण्याचे १०० डॉलर. शिवाय शाळेला देणगी देणाऱ्यास घरपट्टीत सूट. कागदावर हे अनुदान कोणत्याही वर्णाच्या मुलाला खुले होते. घ्यायचे असेल तर खाजगी शाळा हवी, आणि परगण्यात खाजगी शाळा होती ती गोऱ्यांची.

आता ऐका. गोऱ्या मंडळींनी असाही देकार दिला की, तुमच्यासाठीही एक खाजगी शाळा काढून देतो, अनुदान घ्या आणि मुले पाठवा. कृष्णवर्णीय पालकांनी नकार दिला. ती शाळा घेतली असती तर वेगळेपण आपल्याच सहीने मान्य झाले असते आणि खटला तेथेच संपला असता. तत्त्व म्हणून हे बरोबरच होते. पण दिवसा घरी बसलेल्या आठ वर्षांच्या मुलाकडे पाहणाऱ्या त्या बापाचा मी विचार करतो. पहिले वर्ष गेले, दुसरे गेले, तिसरे गेले. काहींनी मुलांना परगण्याबाहेर नातेवाइकांकडे ठेवले. काही मोठी मुले क्वेकर मंडळींच्या मदतीने दुसऱ्या राज्यांत अनोळखी घरी राहून शिकली. चर्चच्या तळघरात थोडेफार वर्ग चालले. पण परगण्यात अशी मुले सुमारे सतराशे होती. बहुतेकांची शाळा बुडाली ती बुडालीच. कित्येक तंबाखूच्या शेतांवर कामाला लागली. पालकांनी योग्य केले की अयोग्य, हे तेथून हजारो मैलांवर व्यासपीठावर उभे राहून सांगण्याचे धाडस माझ्यात नाही.

पाच वर्षे म्हणजे काय, हे करोनापूर्वी मला कळले नसते. २०२० च्या मार्चमध्ये आपल्या शाळा बंद झाल्या आणि दोन वर्षे रखडत, अधूनमधून उघडत राहिल्या. मोबाइलवर तासिका झाल्या असे आपण अहवालात लिहिले. नंतर वर्गात पाचवीचा मुलगा उभा राहून जोडाक्षर पाहून गप्प बसला. वयाने पाचवीचा, अक्षराने दुसरीचा. तो हुशार होता आणि त्याला लाज वाटत होती, आणि त्या लाजेपायी तो पुढे गैरहजर राहू लागला. ही गत दोन वर्षांनी झाली. फार्मव्हिलला पाच वर्षे, आणि तेथे मोबाइलही नव्हता.

१९६३ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारच्या पुढाकाराने आणि देणग्यांच्या पैशावर एक वर्षाची ‘फ्री स्कूल’ उघडली. नील सलिव्हन नावाचे शिक्षणाधिकारी ती चालवायला आले. त्यांनी मुलांना इयत्तांप्रमाणे न बसविता ज्याला जेवढे येते त्याप्रमाणे बसविले. दुसरा उपायच नव्हता, कारण दहा-अकरा वर्षांची कित्येक मुले आयुष्यात प्रथमच शाळेचे तोंड पाहत होती.

२५ मे १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्यांदा निकाल दिला. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिले की, विचारपूर्वक चालण्याची मुदत संपली. शाळा बंद करण्यामागचा हेतू वर्णभेदाचा आहे, तेव्हा ‘सर्वांनाच बंद’ ही सबब चालणार नाही. जरूर तर कर बसवून शाळा उघडा, असा हुकूम खालच्या न्यायालयाने द्यावा. त्या सप्टेंबरात सरकारी शाळा उघडल्या. पण तत्पूर्वी, ऑगस्टमध्ये, परगण्याच्या कारभाऱ्यांनी रातोरात बैठक घेऊन गोऱ्या पालकांना अनुदानाचे धनादेश वाटून टाकले. पुढे १९६६ साली न्यायालयाने त्यांना अवमानाबद्दल दोषी धरले. आणि उघडलेल्या शाळेत कोण आले? कृष्णवर्णीय मुले आली आणि मूठभर गोरी. बाकीची गोरी मुले त्यांच्या खाजगी शाळेतच राहिली. ज्या खटल्याने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या, त्याच परगण्यात तेरा वर्षांच्या लढ्यानंतरही मुले वेगळीच बसली होती. त्या खाजगी शाळेत कृष्णवर्णीय मुलाला प्रवेश मिळायला १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला.

त्याच राज्यातील न्यू केंट परगण्याची तऱ्हा जरा सभ्य होती. तेथे शाळा दोनच, एक गोऱ्यांची आणि एक कृष्णवर्णीयांची. कारभाऱ्यांनी सांगितले, ज्याला जी शाळा हवी ती त्याने निवडावी, पूर्ण मोकळीक आहे. तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने कृष्णवर्णीयांची शाळा निवडली नाही, आणि शेकडा पंच्याऐंशी कृष्णवर्णीय मुले होती तेथेच राहिली. कोण गरीब शेतकरी सावकाराच्या आणि जमीनमालकाच्या डोळ्यांदेखत आपले पोर त्यांच्या शाळेत नेऊन बसवील? १९६८ च्या मे महिन्यात न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, निवडीचे स्वातंत्र्य हे नाव पुरेसे नाही, प्रत्यक्ष परिणाम दाखवा. १९६८ सालापर्यंत अकरा राज्यांतील ते शेकडा १.२ चे प्रमाण बत्तीसच्या आसपास गेले होते. पण ते नुसत्या निकालाने नव्हे. १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला, १९६५ पासून केंद्राचा मोठा पैसा शाळांना मिळू लागला आणि भेदभाव कराल तर तो थांबेल असा दम भरला गेला. दहा वर्षांत जे झाले नाही ते अनुदानाच्या भीतीने चार वर्षांत झाले. अनुदानित शाळेत काम करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

आता तुमच्या लक्षात एक गोष्ट आली असेल. ऑरेगनच्या जोगिणी काय म्हणत होत्या? मुलाला कोणत्या शाळेत घालायचे हा आईबापांचा अधिकार आहे. प्रिन्स एडवर्डचे गोरे पालक काय म्हणत होते? अगदी हेच. हक्क तोच, पण जोगिणींनी तो वापरला तो आपली शाळा जगविण्यासाठी आणि गोऱ्यांनी तो वापरला दुसऱ्याच्या मुलाला बाहेर ठेवण्यासाठी. न्यायालयालाही हा फरक सांगायला पुढे बराच काळ लागला. १९७६ साली व्हर्जिनियातीलच काही खाजगी शाळांच्या खटल्यात ठरले की, आईबापांना आपल्या मताची शाळा निवडता येईल, परंतु खाजगी शाळेलाही वर्णावरून मुलाला दाराबाहेर ठेवता येणार नाही. आईबापांचा हक्क त्यामुळे कमी झाला नाही. अलीकडे २०२५ च्या जूनमध्ये मेरीलँड राज्यातील मुस्लिम आणि ख्रिस्ती पालकांनी मिळून, आपल्या धर्मश्रद्धेला न पटणाऱ्या पाठांच्या वेळी मुलांना वर्गाबाहेर ठेवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाकडून मिळविली. तीन न्यायमूर्तींनी विरोधी मत दिले. तेथील शाळांत त्याचे काय होते ते कळायला अजून काही वर्षे जातील. एवढे पाहिल्यावर मी तरी निकालाच्या दिवशी पेढे वाटणार नाही.

आता आपल्या घरचे. आपल्याला तिसाव्या कलमाचा हक्क आहे आणि तो मोलाचा आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. या संस्थेची पहिली शाळा निघाली नसती तर या सभागृहातील निम्म्या भगिनी आज शिक्षिका नसत्या. पण ६ मे २०१४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, २००९ चा शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही. म्हणजे शेजारच्या वस्तीतील गरीब व वंचित मुलांसाठी पहिलीच्या प्रवेशात शेकडा पंचवीस जागा ठेवण्याचे जे बंधन इतर विनाअनुदानित शाळांवर आहे, ते आपल्यावर राहिले नाही. त्या दिवशी आपल्याकडे समाधान व्यक्त झाले. १ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातील एका मुस्लिम शिक्षणसंस्थेच्या नावाने चाललेल्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या जुन्या निकालाविषयीच शंका घेतली आणि हा प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे सांगितले. तेव्हापासून आपल्या बैठकांत एकच चर्चा ऐकू येते, मोठे पीठ काय म्हणेल?

माझा प्रश्न निराळा आहे. सूट मिळाल्यापासून आपल्या विनाअनुदानित प्राथमिक विभागात फी भरू न शकणारी किती मुले घेतली गेली? मी प्रवेश समितीवर काम केले आहे, म्हणून विचारतो. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये भंगाराच्या गाडीवर काम करणारा एक गृहस्थ मुलीला घेऊन आला. नमाजी माणूस, आपल्याच मोहल्ल्याच्या मागे राहणारा. फीचा आकडा ऐकून त्याने विचारले, ‘मास्तर, सरकारी कोट्यातून होईल का?’ मी त्याला नियम समजावून सांगितला की, आपली संस्था अल्पसंख्याकांची आहे, तिला तो कोटा लागू नाही. त्याने जरा विचार करून विचारले, ‘पण अल्पसंख्याक तर मीपण आहे ना?’ माझ्याजवळ उत्तर नव्हते. मुलगी कोठे गेली, गेली की नाही, ते मी नंतर विचारले नाही, हा माझा दोष. अमेरिकेच्या निकालांविषयी वाचताना तोच गृहस्थ माझ्या डोळ्यांसमोर होता.

मोठे पीठ काय ठरवील ते मला सांगता येत नाही. त्याला किती वर्षे लागतील हेही नाही. पण आपल्याला त्या जागा ठेवायला कोणत्याही निकालाने मनाई केलेली नाही. म्हणून कार्यकारी मंडळाला माझी विनंती आहे की, येत्या जूनपासून पहिलीच्या वर्गात शेकडा पंचवीस जागा, मूल कोणत्याही धर्माचे असो, वस्तीतील गरिबांच्या मुलांसाठी बिनफी ठेवण्याचा विषय पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. पैशाचा प्रश्न येईल, सरकारची भरपाईही मिळणार नाही, हे मी जाणतो. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून आणि जकातीच्या रकमेतून, शरीअतच्या नियमात बसेल तेवढी, तरतूद होऊ शकेल का, याचा एक अंदाज मी आमच्या लेखनिकांच्या मदतीने तयार केला आहे. त्याचा कागद अध्यक्ष महाशयांच्या टेबलावर ठेवतो.

प्रिन्स एडवर्डचे एक सांगायचे राहिले. २००३ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने शाळाबंदीबद्दल खेद व्यक्त करणारा ठराव केला आणि २००४ साली त्या बुडालेल्या मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. दहा लाख डॉलर राज्याचे आणि तितकेच एका धनिकाचे. अर्ज करणारी ‘मुले’ तोपर्यंत पन्नाशी-साठीची झाली होती. कोणी आजोबा होते, कोणी आजी. त्यांतल्या काहींनी पुन्हा वर्गात बसून हायस्कूलची परीक्षा दिली.